सुणें आणि सोवळें

जोयडा तालुक्यातल्या कुणबी वाड्यांवर कुत्र्याला कुत्रा म्हणत नाहीत, सुणें म्हणतात. आपण गोव्यात म्हणतो तसेच. आजच्या शहरी मराठीतून हा शब्द हद्दपार झाला असला तरी जुन्या मराठीत तो राजरोस वावरत होता. ज्ञानेश्वरीच्या वाचकांना तो नवा नाही. संस्कृत शुनकापासून तो आला आणि घाट चढून कन्नडमध्ये गेला तेव्हा त्याचा सोणग झाला. मराठीने सुणें टाकले खरे, पण रानकुत्र्याच्या नावात ते तसेच राहिले. कोळसुणा किंवा कोळसुंदा म्हणतो त्यातला शेवटचा भाग तोच. ह्या कोळसुण्याकडे पुढे यायचे आहेच.

विषय तसा किळसवाणा आहे, जेवताना वाचू नये. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना सांगायला नको. अंघोळ घालून, पुसून, ऊन दाखवून सोडलेला कुत्रा पाच मिनिटांत कुठेतरी जाऊन मान आणि खांदा घाणीत घासून परत येतो, आणि वर शेपूट अशी हलवतो की जणू गंध लावून देवळातून आला आहे. दुसरी सवय त्याहून वाईट, ती म्हणजे खाण्याची. वासराचे ताजे शेण, मांजराची घाण, माणसाची घाण, त्याला काहीच वर्ज्य नाही. घरातली मंडळी ओरडतात, मारतात, तोंड धुतात. कुत्र्याच्या चेहऱ्यावर अपराधाची रेषाही उमटत नाही.

गेली काही वर्षे मोले, अनमोड, रामनगर, गणेशगुडी ह्या वाटेने जोयड्याला जाणे होते. क्षेत्राने अवाढव्य, वस्तीने विरळ असा हा तालुका. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. पूर्वी ह्या तालुक्याचे नाव सुपा. काळी नदीवर १९८७ साली सुपा धरण पुरे झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले आणि बरीच माणसे रामनगरला येऊन वसली. आता शिल्लक आहे ते धरणाचे नाव. इथले कुणबी, गवळी धनगर, सिद्दी, मराठे कोकणी-मराठी बोलतात, कागद कन्नडमध्ये लिहितात. इथल्या कुणब्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमदानीत गोव्यातून वर चढून आले अशी परंपरा सांगतात. वाडीवर गेलात की माणसाआधी सुणें पुढे येते. पिवळसर, काटक, कान अर्धे उभे. रानडुकराने कंदांचे वाफे उकरू नयेत म्हणून ते रात्रभर भुंकते, आणि एखाद्या रात्री बिबट्या त्यालाच उचलतो.

अशाच एका वाडीवर अंगणात बसलो असताना घरचे सुणें रानवाटेने परतले ते खांद्यावर हिरवट काळा लेप घेऊनच. मी नाकाला रुमाल लावला. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, त्याला कळतं रानात कोण येऊन गेलं. आम्हाला सांगायला येतो तो." त्यांनी सहज म्हटले. ह्या सहज वाक्याभोवती जगात किती कागद खर्ची पडले आहेत हे मला नंतर कळले. त्याआधी आपल्या पूर्वजांनी ह्या सवयीचे काय केले ते पाहू. कारण कुत्र्याबद्दल आपल्या परंपरेत जो दुजाभाव दिसतो त्याचे मूळ, मला तरी, त्याच्या तोंडातच सापडते.

ऋग्वेदात सरमा ही इंद्राची कुत्री. पणींनी लपवलेल्या गाई तिने वास काढून शोधल्या. दहाव्या मंडलात तिचा आणि पणींचा संवाद आहे. तिथे तिला कोणी अमंगळ म्हणत नाही. यमाच्या दारी चार डोळ्यांचे दोन कुत्रे आहेत, तेही भयंकर आहेत पण घाणेरडे नाहीत. छांदोग्य उपनिषदात तर कुत्रे एकामागून एक, यज्ञातल्या ऋत्विजांसारखे, अन्नासाठी सामगायन करतात. विनोद म्हणा की आणखी काही म्हणा, पण कुत्र्याला तिथे गाण्याचा मान आहे. त्याच उपनिषदात पुढे मात्र वाईट आचरणाची माणसे श्वानयोनीत, सूकरयोनीत किंवा चांडाळाच्या पोटी जन्म घेतात असे आले. कुत्रा, डुक्कर आणि चांडाळ ही तिन्ही नावे एका ओळीत बसली आणि मग ती शतकानुशतके तिथून उठली नाहीत.

महाभारताची सुरुवात आठवा. जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पोर येते आणि राजाचे भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जाते. आई विचारते, तू काही अपराध केलास का? ते सांगते की मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही आणि चाटलेही नाही. मग सरमा येऊन शाप देते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कुत्रा काही करायच्या आधीच त्याच्या जिभेवर आरोप ठेवलेला आहे. ज्या जिभेने तो बाहेर घाण चाटतो तीच तो हविर्द्रव्याला लावील ही धास्ती. मनुस्मृतीने वैश्वदेवात कुत्र्याचा वाटा काढून ठेवायला सांगितला, पण तो जमिनीवर टाकायचा, पतित, श्वपच, रोगी आणि कावळे यांच्या सोबतीने. उपाशी ठेवायचे नाही आणि पानालाही बसवायचे नाही असा तो बंदोबस्त.

आता गंमत अशी की घाण खाणारा कुत्रा एकटाच नाही. गावातली मोकाट गायसुद्धा खाते. धर्मशास्त्रकारांना हे ठाऊक होते. विष्णुस्मृतीने अमेध्य खाणाऱ्या गाईचे दूध वर्ज्य ठरवले आहे. इस्लामी धर्मशास्त्रातही घाण खाणाऱ्या जनावराला जल्लाला म्हणतात आणि त्याला काही दिवस बांधून चांगला चारा घातल्यावरच ते चालते. म्हणजे गाईचा दोष हा त्या एका गाईचा, तात्पुरता, निस्तरता येण्याजोगा. कुत्र्याचा दोष मात्र सबंध जातीचा.

आमच्या गोव्याने तर ह्या प्रश्नाचे तिसरेच उत्तर काढले. अनेक जुन्या घरांच्या मागे उंचावर बांधलेला संडास असे, त्याला खाली उताराची मोरी, आणि मोरीच्या तोंडाशी दुकर वाट पाहत उभे. पाहुण्यांची कशी तारांबळ उडे त्याचे किस्से सगळ्यांना पाठ आहेत. सेप्टिक टाक्या आल्या तशी ही व्यवस्था मागे पडली. पण विचार करा, त्याच दुकराचे सोरपोतेल नाताळच्या ताटात सन्मानाने येत असे. ज्या प्राण्याने घाण खाल्ली त्याला खाणारे आणि त्याला पाहून अंघोळ करणारे एकाच गावात, एकाच विहिरीच्या दोन बाजूंना राहत होते. शुद्ध काय आणि अशुद्ध काय ह्याचा निकाल प्राण्याच्या पोटात लागत नाही. तो माणसांच्या पंक्तीत लागतो. घाटावर, जोयड्याकडे, हे काम वाडीभोवतीच्या रानात सुणें करीत असे.

मुंबईत १८३२ साली जे घडले ते ह्याच जातीचे आहे. कंपनी सरकारने उन्हाळ्यात मोकाट कुत्रे मारण्याचा नियम केला होता, मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने कुत्रे मारणारे घरांच्या आवारात शिरू लागले. पारशी धर्मात कुत्रा पवित्र. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्या विधीला सगदीद म्हणतात. ६ जूनला पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि कोटातले व्यवहार बंद पडले. जमशेटजी जीजीभाईंनी पुढे शिष्टाई केली. इंग्रजांच्या लेखी तो कुत्रा म्हणजे उपद्रव, हिंदूंच्या लेखी विटाळ, आणि पारशांच्या लेखी परलोकाचा सोबती. आणि त्या तिन्ही वेळी तो रस्त्यावर खात होता तेच!

जोयड्याचा ह्या सगळ्याशी संबंध काय? संबंध उळवीचा आहे. जोयडा तालुक्यात घनदाट रानात उळवी आहे आणि तिथे चन्नबसवण्णांची समाधी आहे. कल्याणमध्ये ११६७-६८ च्या सुमारास जो उत्पात झाला, त्यानंतर शरणांचा एक जथा चन्नबसवण्णांच्या नेतृत्वाखाली ह्या रानात येऊन पोचला असे परंपरा सांगते. आजही माघात जत्रेला उत्तर कर्नाटकातून बैलगाड्या येतात. ह्या कल्याणच्या मातीत कुत्र्याचे दोन इतिहास एकमेकांना खेटून आहेत. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत त्याने सारमेयविनोद घातला आहे, प्रांतोप्रांतीच्या कुत्र्यांची लक्षणे सांगितली आहेत. राजाच्या शिकारखान्यात कुत्रा म्हणजे रत्न. काही दशकांनी त्याच कल्याणात बसवण्णांनी एका वचनात पालखीत बसवलेल्या सोणगाचा दृष्टांत दिला. पालखीत बसवा नाहीतर आणखी कुठे, जुनी ओढ दिसली की ते स्वभावावर जाते, आणि विषयांमागे धावणारे आपले मन तसेच, असा त्याचा रोख आहे. कशाची ओढ ते वेगळे सांगावे लागत नाही, ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाने ते आपल्या दारात पाहिलेले असते. आमच्या संतांनीही कुत्रे असेच वापरले. मनाला सुधारायला निघालेल्या प्रत्येकाला कुत्र्याची ही सवय आयती सापडली. बिचाऱ्या कुत्र्याला विचारले कोणी?

मला मात्र बसवण्णांच्या बाजूचा एक मुद्दा दिसतो. ते कुत्र्याला शिवी देत असले तरी बोट दाखवतात ते स्वतःकडे. ज्यांना लोक श्वानासारखे दूर ठेवीत त्यांनाच त्यांनी जवळ केले आणि कल्याणचा उत्पात झाला तो त्याच कारणाने. ब्राह्मण आणि चर्मकार कुटुंबांत झालेला विवाह त्याला निमित्त झाला. गीतेत विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक ह्या सर्वांकडे पंडित समदृष्टीने पाहतो असे आहे. श्लोक सगळे म्हणतात. कल्याणमध्ये तो जगायचा प्रयत्न झाला तेव्हा रक्त सांडले.

कर्नाटकात कुत्र्याचा मान ठेवणारा एक दगड आहे, त्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मंड्य जिल्ह्यात आतकूर गावी सापडलेला हा शिलालेख आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. काळ इसवी सन ९४९-५०. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या लढाईत चोळांना हरवले, त्याच्या बाजूने गंग राजा बुतुग लढला आणि बुतुगाच्या पदरी मणलेर नावाचा वीर होता. पराक्रमाबद्दल काय हवे ते माग म्हटल्यावर मणलेरने गाव मागितले नाही की सोने मागितले नाही. त्याने काळी नावाचे शिकारी कुत्रे मागितले. पुढे एका मोठ्या रानडुकरावर काळीला सोडले आणि झुंजीत दोघेही मेले. मणलेरने देवळापुढे दगड उभारला, जमीन इनाम दिली, आणि त्या जमिनीची वहिवाट करणाऱ्या गोरवाने दगडाची पूजा केल्याशिवाय जेवू नये, जेवला तर पाप लागेल अशी अट कोरून ठेवली. कुत्र्याचे नाव काळी आणि जोयड्याच्या नदीचे नावही काळी, हा योगायोग आहे, त्यातून काही निघत नाही. पण काळीच्या काठाने जाताना मला ती कुत्री हटकून आठवते.

त्या लेखातला गोरव शब्द पाहा. मैलारलिंगाचे, म्हणजे आपल्या खंडोबाचे, कर्नाटकातले भक्त आजही गोरव म्हणवतात. काळी घोंगडी पांघरतात आणि विशिष्ट दिवशी लाकडी दोणीतले अन्न कुत्र्यासारखे तोंडाने, भुंकत, गुरगुरत खातात. जेजुरीचे वाघ्ये कोटंबा घेऊन तसेच करीत आले. खंडोबाच्या घोड्यापाशी कुत्रा असतोच. गुंथर सोन्थायमर ह्या जर्मन पंडिताने आयुष्याची किती वर्षे ह्या धनगरी दैवतांच्या मागे घालवली, आणि रा. चिं. ढेऱ्यांनी खंडोबावर अख्खा ग्रंथ लिहिला. भैरवाचे वाहन कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, ते म्हणे चार वेद. गुराख्यांचे आणि शिकाऱ्यांचे देव कुत्र्याला दूर लोटू शकत नव्हते, कारण त्यांच्या भक्तांची गुरे त्याच्याच भरवशावर होती. शेतकऱ्याच्या आणि भटाच्या अंगणात तो येतो तेव्हा त्याच्या तोंडाचा हिशेब सुरू होतो. आपल्याकडच्या सर्वात जुन्या कुत्र्यांपैकी एक असाच कामाला जुंपलेला आहे. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या काशाच्या रथात दोन बैल आहेत, सारथी आहे आणि दांडीवर ऐटीत उभा राहिलेला कुत्रा आहे.

असो. आता त्या सवयीकडे येऊ.

कुत्री व्याली की पहिले काही आठवडे पिलांची घाण स्वतः चाटून खाऊन टाकते. त्यामुळे बीळ स्वच्छ राहते. म्हणजे ज्याला आपण घाणेरडेपणा म्हणतो ते मूळचे तिचे आईपण आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बेंजामिन हार्ट यांनी २०१८ साली हजारो कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून एक अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण १६ टक्के कुत्रे ही गोष्ट वारंवार करतात असे दिसले. खुराक, शिस्त, वय यांचा फारसा संबंध लागेना. पण बहुतेक कुत्रे दोन दिवसांच्या आतलीच, ताजी घाण खातात हे लक्षात आले. जंतांची अंडी बाहेर पडल्यावर रोगट व्हायला बहुधा काही दिवस लागतात. त्यावरून हार्ट यांनी तर्क केला की लांडग्यांच्या काळात बिळाजवळ पडलेली घाण अंडी पिकण्याआधी संपवणे ही कळपाची आरोग्यव्यवस्था असावी. तर्कच आहे, पण पटण्यासारखा आहे.

दुसरा भाग उकिरड्याचा. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने २००१ साली मांडले की माणसाने लांडग्याची पिले आणून कुत्रा घडवला ही गोष्ट उलटी आहे. वस्ती झाली, वस्तीबरोबर कचरा आणि विष्ठा आली, आणि जे लांडगे माणसाला कमी भ्याले ते तिथे जेवू लागले. कुत्र्याने स्वतःला घडवले. सगळ्यांना हे मान्य नाही. परंतु झिम्बाब्वेच्या खेड्यांतले मोकळे कुत्रे काय खातात ते दोन संशोधकांनी बारकाईने पाहिले, तेव्हा मक्याच्या शिजवलेल्या पिठाच्या जोडीने माणसाची विष्ठा हा त्यांच्या खाण्यातला मोठा हिस्सा निघाला. आपल्या खेड्यांत वेगळे काय असणार? परसाकडे जाताना लोटा घेतलेल्या माणसामागे ठरावीक अंतराने चालणारे कुत्रे पन्नाशीच्या पुढच्या वाचकांनी पाहिलेले आहे. कुत्र्याने खाल्ले म्हणजे रोग संपला असे मात्र नाही. ईशान्य भारतातल्या चहामळ्यांत २००२ च्या सुमारास झालेल्या अभ्यासात माणसाच्या जंताची अंडी कुत्र्याच्या पोटातून जशीच्या तशी पार होऊन दुसरीकडे पडलेली आढळली. स्वच्छतेचा हा सेवक घाण उचलतो आणि थोडी पुढच्या दारात ठेवतो.

आणि लोळणे? शिकारीला आपला वास येऊ नये म्हणून कुत्रे लोळतात असे पुष्कळदा सांगितले जाते. मला ते तेवढे पटत नाही, कारण बंदिस्त ठेवलेले लांडगे मेलेल्या जनावराच्या वासाबरोबर अत्तराच्या वासातही लोळताना पाहिले गेले आहेत. अत्तर लावून कोणती शिकार होणार? ठिपकेवाल्या तरसांवरच्या २००२ च्या प्रयोगात असे दिसले की ज्याच्या अंगाला कुजक्या मांसाचा वास, त्याच्याभोवती कळप गोळा होतो, त्याला हुंगतो, चाटतो. त्याचा भाव वधारतो. कॅलिफोर्नियात तर राखाडी खोकडे प्यूमाने खूण केलेल्या जागी गाल घासताना कॅमेऱ्यात सापडली. मोठ्या शिकाऱ्याचा वास अंगावर असला की कोयोट दोन पावले मागे राहत असेल असा संशोधकांचा अंदाज. जोयड्याच्या आजींचे वाक्य आता पुन्हा वाचा. रानात कोण येऊन गेले हे सुणें अंगावर लिहून आणते. आपल्याला ते वाचता येत नाही, आपण साबण लावून पुसून टाकतो.

इथपर्यंत गोष्ट मनोरंजक आहे. पण ह्या किळसेची खरी किंमत माणसांनी मोजली ती सोडून देता येत नाही. घाण कुत्रा खातो म्हणून कुत्रा अस्पृश्य, मग घाण जो उचलतो तो माणूसही. श्वपच ह्या शब्दाचा अर्थच मुळी कुत्रे शिजवून खाणारा असा लावला गेला. मराठी गावाच्या वेशीबाहेर आणि शहरांच्या टोपलीच्या संडासांमागे हाच हिशेब चालला. आमच्या शेजारच्या कणकवलीचे अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना लोक कोकणचे गांधी म्हणत, त्यांनी हा हिशेब उलटवायला जन्म घालवला. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या अशी मागणी त्यांनी केली. ती नाकारली म्हणून अन्न सोडले, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्यासाठी उपवास आरंभला. पुढे गोपुरी आश्रमात त्यांनी खताचे, सुटसुटीत संडास बांधून दाखवले. विष्ठा कोणाच्या डोक्यावरून न जाता जमिनीत जावी, एवढीच त्यांची खटपट. टोपलीच्या संडासांना बंदी करणारा कायदा व्हायला १९९३ उजाडले आणि तो पुरा पडेना म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. ज्या समाजाने कुत्र्याच्या तोंडावरून इतकी पुराणे रचली, त्याला एक खड्डा खणायला इतका वेळ का लागला?

जोयड्यात आज चित्र बदलते आहे. स्वच्छ भारत अभियानापासून, म्हणजे २०१४ नंतर, वाड्यांवरही संडास आले. सुण्याचे जुने ताट कमी झाले. त्याच सुमारास भोवतालच्या रानाचे नियम कडक होत गेले. दांडेली अभयारण्य १९५६ सालचे, अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ सालचे, दोन्ही मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. पलीकडे मोले, नेत्रावळी, म्हादई. वाघाला सरहद्द कळत नाही. जानेवारी २०२० मध्ये आमच्या सत्तरीत गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले ते ह्याच सलग रानातले.

ह्या रानाचा दुसरा रहिवासी कोळसुणा. कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली दख्खनच्या रानकुत्र्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा मराठी नावही नोंदवले. त्यानंतरच्या काळात सरकारने त्याला उपद्रवी ठरवून दर कातड्यामागे बक्षीस ठेवले. १९७२ चा वन्यजीव कायदा येईपर्यंत हे चालू होते. मुंबईच्या कुत्र्याचा आणि जोयड्याच्या कोळसुण्याचा हिशेब एकाच वहीत लिहिला गेला म्हणायचा. आज तो जगभर संकटग्रस्त आहे.

कोळसुण्याची एक रीत आहे. कळप रानवाटांच्या तिठ्यावर, चव्हाट्यावर, ठरावीक जागी एकत्र विष्ठा टाकतो. तो त्यांचा सूचनाफलक. दुसऱ्या कळपाला कळावे की इथे आम्ही आहोत, किती आहोत, कोण आजारी, कोण माजावर. उल्हास कारंत यांच्यासारख्या अभ्यासकांनी नागरहोळेत वाघ, बिबटे आणि रानकुत्रे काय खातात ते मुख्यतः विष्ठा गोळा करून, त्यातले केस आणि हाडे तपासूनच शोधले. रशियाच्या अतिपूर्वेला तर अमूर वाघाच्या विष्ठेवरून नेमका कोणता वाघ ते ओळखायला कुत्रे शिकवले गेले. ज्या ओढीची बसवण्णांच्या काळापासून चेष्टा झाली तिला आता पगार मिळतो!

पण वाडीवरचे सुणें पगारी नाही, मोकळे आहे. ते सकाळी त्याच तिठ्यावर जाते, हुंगते, चाखते, लोळते आणि स्वतःची भर घालून परत येते. कुत्र्यांचा पार्व्हो हा विषाणू १९७८ च्या सुमारास उपटला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला, तो मुख्यतः विष्ठेतून. जमिनीत तो महिनोन्‌महिने टिकतो. डिस्टेंपर हा दुसरा. १९९४ साली सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने गेले आणि बोट गावकुत्र्यांकडे दाखवले गेले. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले त्यातही हा विषाणू सापडला. कोळसुणा तर कुत्र्याच्या किती जवळचा. एका कळपात शिरला की पिले राहत नाहीत. गोव्यात २०१४ पासून रेबीजविरुद्ध घरोघर, रस्तोरस्ती जाऊन कुत्र्यांना लस टोचली गेली आणि २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. म्हणजे मोकाट कुत्र्याला लस देता येते हे आम्ही करून दाखवले आहे. मात्र ती रेबीजची लस होती, कारण रेबीजने माणूस मरतो. पार्व्हो आणि डिस्टेंपरने माणूस मरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या मोकाट कुत्र्यांना निवाऱ्यांत हलवण्याचा हुकूम दिला, अकरा दिवसांत तो बदलला, आणि देशभर वाद पेटला. त्या वादात चावणाऱ्या कुत्र्याबद्दल सगळे बोलले. रानाच्या कडेला मुकाट्याने हुंगणाऱ्या कुत्र्याबद्दल कोणी बोलल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.

सुण्याला वाडीवरून काढा म्हणणे सोपे आहे. काढले तर रात्री कंदांचे वाफे कोण राखणार आणि बिबट्या अंगणात आल्याचे कोण सांगणार? त्याला साखळीने बांधले तर बिबट्याचे काम सोपे होते. त्यापेक्षा वर्षातून एकदा लसींची पेटी घेऊन पशुवैद्य ह्या वाड्यांवर चढला तर काही फरक पडेल. वाटा कठीण आहेत, पावसाळ्यात तर काही वाड्यांचा संपर्कच तुटतो, आणि पेटीतला बर्फ वितळण्याआधी पोचायला हवे. शिवाय पिल्लाला एकदा टोचून भागत नाही, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा यावे लागते. दिवाळी झाली, भात कापून झाले, वाटा सुकल्या की पहिली फेरी आणि मार्गशीर्षात दुसरी, एवढे वेळापत्रक जमू शकते.